'दुधाचे दात' संघाचा सराव

शुक्रवार, १० जानेवारी

प्रिय भिंगरी,

हे तुझ्या आईने ठेवलेलं नाव. मी ते वापरावं की नाही, हे पाकिटावर पत्ता लिहून झाला तरी ठरेना. पण तुझं खरं नाव वर लिहिलं की कागद सोसायटीच्या नोटिशीसारखा दिसायला लागला. म्हणून हेच राहू दे. राग आला तर ही ओळ खोड आणि पुढे वाच.

बातमी अशी आहे, की लांबुळक्याचा पास आज सकाळी 'चांगला' झाला.

कोण लांबुळका, असं म्हणशील. सांगतो. तू शाळेत असताना आई लॅबमधून यायची, नखांतलं प्लास्टर ब्रशने घासायची आणि चहा निवेपर्यंत कॉम्प्युटरपुढे बसायची, आठवतं? इंटरनेटवरचा तो बास्केटबॉलचा खेळ. तू हसायचीस तिला. "आई, यात चेंडू कुठाय?" चेंडू नाहीच त्यात. एक संघ असतो, कॉम्प्युटरनेच जन्माला घातलेली अठरा-अठरा वर्षांची पोरं असतात, आणि त्यांना शिकवायचं असतं. आठवड्याला एकच गोष्ट. चेंडू हाताळणं घ्या, नाहीतर पास, नाहीतर लांबून नेम, नाहीतर बचाव. शुक्रवारी सकाळी सहाला निकाल लागतो. कुणी एक पायरी चढतं, कुणी आहे तिथेच राहतं. मंगळवारी आणि शनिवारी सामने, तेही नुसत्या ओळींचे: पास दिला, नेम धरला, चुकला.

संघाचं नाव तिने 'दुधाचे दात' ठेवलं होतं. "जन्मभर म्हाताऱ्यांच्या कवळ्या केल्या, थोडे दुधाचेही करू दे," म्हणायची.

ती गेल्यावर पाचव्या आठवड्यात तिच्या मेलवर एक पत्र आलं. तुमच्या संघाकडे कुणी फिरकलेलं नाही, अजून सात दिवसांत कुणी आलं नाही तर संघ बंद होईल. पासवर्ड तिच्या वहीच्या मागच्या पानावर होता. मी आत गेलो ते फक्त दार उघडं राहावं म्हणून. तिची अकरा वर्षं होती त्यात. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तुला माहीतच आहे. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पण आत गेलो तर बारा पोरं रांगेत उभी, आणि सराव कुणीच लावलेला नाही.

येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. रोज सकाळी कामावर जायच्या आधी जातो. सराव लावतो, संघ निवडतो, बाहेर येतो. बाकी काही करत नाही.

लांबुळका तिने घेतलेला शेवटचा. सात फूट एक इंच. तेव्हा अठरा वर्षांचा होता, आता वीस. आज तो एक पायरी चढला आणि घरात सांगायला कुणी नव्हतं. म्हणून हे पत्र.

तुझा,
काका


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पत्र परत आलं नाही. म्हणजे पत्ता बरोबर आहे, एवढं तरी कळलं.

सुरुवातीला मी काय घोळ घातला ते सांगतो, हसशील. मला वाटलं, सराव लावला की सगळ्यांना मिळतो. मी संघातल्या तिशी गाठलेल्या जुन्या खेळाडूंना मैदानात उतरवायचो आणि पोरांना बाकावर. आठ आठवडे एकही पोर हललं नाही. मग खेळातला एक बेकरीवाला आहे, आईचा जुना दोस्त, कुठल्यातरी दुसऱ्या देशात पहाटे पाव भाजतो आणि भट्टीपुढे बसून संघ चालवतो, त्याने लिहिलं, "ताई, पोरांना बाकावर बसवून शिकवताय होय? जो खेळतो तोच शिकतो. आणि ज्या जागेवर खेळतो, त्या जागेचंच शिकतो." तेव्हा डोक्यात उजेड पडला.

मग तिची वही उघडली. इतके दिवस मी फक्त मागचं पान बघत होतो. आत प्रत्येक पोराचं एक पान आहे. कवळीच्या मापांच्या वहीत लिहायची तसंच बारीक अक्षर, शिसपेन्सिलीचं. 'डावखुरा. लवकर शिकतो, लवकर थांबेल.' 'बुटका. नेम उत्तम, मान वर करत नाही.' लांबुळक्याच्या पानावर एवढंच: 'याला पास.'

भिंगरी, हे वेडेपणाचं आहे. उंच पोराला बास्केटखाली उभं करतात. रिबाउंड, म्हणजे हुकून उसळलेला चेंडू पकडणं, शिकवतात, जवळून फेकायला शिकवतात. उंच पोरं पास शिकायला दुप्पट वेळ घेतात, आणि त्यासाठी त्याला बुटक्यांच्या जागेवर खेळवावं लागतं, म्हणजे सामने हातचे जातात. आम्ही गेल्या वर्षी वरच्या गटातून घसरून खालच्या गटात आलो ते याच्यापायी. बेकरीवाला म्हणाला, "ताई, हत्तीला विणकाम शिकवताय." पण तिने लिहिलं होतं, मी लावत गेलो.

परवा बारा मजली इमारतीच्या लिफ्टचं काम होतं. वर गच्चीवर मशीनची खोली असते, तुला मी एकदा दाखवली होती, तू बारा वर्षांची असशील. ब्रेकचे पॅड बदलले, दोरांना वंगण लावलं आणि डबा खायला तिथेच बसलो. जाळीच्या खिडकीतून उन्हाच्या पट्ट्या येत होत्या, पट्ट्यांत धूळ तरंगत होती. कुणीतरी खालून लिफ्ट बोलावली, चाक फिरायला लागलं, दोर सळसळत गेले. आणि मला अगदी स्पष्ट वाटलं की पलीकडे, भिंतीच्या मागे, पोरं सराव करतायत. बुटांचा लाकडावर घासल्याचा तो आवाज असतो ना, चिर्र चिर्र, तसा. चेंडू या हातातून त्या हातात. लांबुळका वाकून उभा, कारण खोलीचं छत त्याच्या मानाने खूप खाली. आई कोपऱ्यात पांढरा कोट घालून, कमरेवर हात. मी घास तोंडात तसाच ठेवून ऐकत बसलो. लिफ्ट थांबली तसा आवाज थांबला.

मी कुणाला हे सांगितलेलं नाही. हाताखालच्या लोकांना सांगितलं असतं तर मला परत दोरांवर चढू दिलं नसतं.

आई गेल्यावर तू येऊन परत जाताना दारात म्हणालीस, "एक फोन करायला काय झालं होतं तुम्हाला?" त्याचं उत्तर मी तू आलीस तेव्हाच दिलं होतं. तुला कळवू नये ही तिचीच इच्छा होती. तुझी परीक्षा बुडू नये असं तिला वाटत होतं. याहून जास्त माझ्याकडे काही नाही.

तब्येत सांभाळ. विमानतळाच्या टॉवरमध्ये एसीचा गारठा असेल, अंगावर काही घेत जा.

काका


रविवार, १३ एप्रिल

भिंगरी,

परवा सकाळी खेळात एक निरोप होता. नव्या संघाकडून, सगळ्यांत खालच्या गटातल्या. संघाचं नाव 'रिकामी धावपट्टी'. निरोप असा:

"तुमच्या नावापुढे 'आज सकाळी हजर' असं दिसतं. रोज दिसतं. तुम्ही कोण आहात?"

मी खुर्चीत बसलो होतो, तरी खुर्चीचा हात धरला. विमानांची वाहतूक सांभाळणारी दुसरी कोण असणार? माझी पत्रं तू अजून फोडलेली नसावीस, नाहीतर विचारलं नसतंस.

मला हे कधी सुचलंच नाही, शपथ. खेळाच्या पानावर तिचं नाव आणि त्यापुढे शेवटचं कधी आली होती ते दिसतं, हे मला माहीत होतं. पण ते कुणी बघत असेल, तू बघत असशील, तिकडे एवढ्या लांब ड्युटी संपवून घरी येऊन, आणि तुला दिसत असेल की आई आज सकाळी हजर होती! किती दिवस बघत होतीस? पहिल्यांदा दिसलं तेव्हा काय वाटलं असेल? विचारायचा मला हक्क नाही, तरी दोन दिवस हेच डोक्यात फिरतंय. एका जिन्यात हातोडी विसरून आलो, ती आणायला परत गेलो, तर ती माझ्याच हातात होती.

तुझ्या निरोपाला मी तिथे उत्तर लिहिलं नाही. तिथे काहीही लिहिलं की वर तिचं नाव उमटतं. तुझ्याशी तिच्या नावाने बोलणं मला जमणार नाही.

पण दुसऱ्यांशी मी बोललो. पहिल्या पत्रात लिहिलं ना, की सराव लावतो आणि बाहेर येतो, बाकी काही करत नाही, ते खोटं होतं. बेकरीवाल्याला मी दोन वर्षं उत्तरं देतोय. तो 'ताई' म्हणतो, मी ताई होऊन उत्तर देतो. त्याच्या गुडघ्याची चौकशी करतो. एक शाळेतल्या ग्रंथपालबाई आहेत, त्यांनी विचारलं, "औषधं संपली का गं?" म्हणजे आईने त्यांना आजाराचं सांगितलं होतं. मी लिहिलं, "संपली. आता बरी आहे."

आता बरी आहे! हे मी माझ्या या हाताने टाइप केलं. आणि खरं सांगू, त्या दिवशी कामावर मी शीळ घालत होतो.

काका


रविवार, ४ मे

भिंगरी,

तुझा दुसरा निरोप मिळाला. "सगळं खरं लिहा. तेव्हाचंही."

एवढ्यावरून मला कळलं की तुला संशय आहे. कदाचित दोन वर्षं आहे. मी हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय, आधीची दोन चांगली लिहिली गेली होती म्हणून फाडली.

आईने तुला कळवू नको असं कधीही म्हटलं नाही.

सोमवारी तिला दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, महिने आहेत. चार, सहा. मंगळवारी सकाळी मी तिचे केस विंचरत होतो. ती म्हणाली, "पोरीला बोलाव."

मी म्हटलं, "परीक्षा आहे तिची. होऊ दे ना."

"किती दिवस?"

"पुढच्या शुक्रवारी."

तिने बोटांवर मोजलं. तारखा कधी मोजायची नाही ती, सराव मोजायची. म्हणाली, "म्हणजे दोन सराव. बरं." आणि डोळे मिटले. ते 'बरं' मी होकार म्हणून घेतलं. ते माझ्या सोयीचं होतं.

गुरुवारी पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, आता आठच दिवस. रविवारी ती काही म्हणाली नाही, फोनकडे बघत राहिली. फोन माझ्या बाजूला होता. मी तो उचलून तिच्या हातात द्यायला हवा होता. एवढंच करायचं होतं. मंगळवारी पहाटे ती गेली. नववा दिवस. दुसरा शुक्रवार आलाच नाही.

तू आलीस, आणि तू मला विचारायच्या आतच मी म्हटलं, "तिनेच नको म्हटलं होतं." वाक्य तोंडातून गेलं तसं परत घेता आलं असतं. मी घेतलं नाही. दोन महिन्यांपूर्वी तुला परत तेच लिहिलं.

का केलं, हे लिहितो. परीक्षेचं कारण खरं होतं, पण ते वरवरचं. तू अकरा वर्षांची असताना आईशी लग्न करून मी या घरात आलो. तुम्ही दोघी एका बाजूला कुजबुजायच्या, हसायच्या, मी खोलीत आलो की थांबायच्या. त्यात वावगं काही नव्हतं. तुम्ही माझ्याशी चांगल्याच वागलात. पण मला ते थांबणं लक्षात राहिलं. दवाखान्यात पहिल्यांदा असं झालं की तिला पाणी कोण देणार, उशी कोण सरकवणार, तर मी. तू आलीस की मी परत दाराबाहेरच्या बाकावर जाईन, असं वाटलं. मला ते दिवस हवे होते. माझ्या एकट्याचे. मला वाटलं, पुढे चार महिने आहेत, तेव्हा तुझेही होतील.

मी तुझे नऊ दिवस घेतले. आणि दोष तिच्यावर टाकला, कारण ती नाही म्हणू शकत नव्हती.

माफ कर असं लिहीत नाही. लिहिलं तर तुला उत्तर द्यावं लागेल.

काका


शुक्रवार, २७ जून

भिंगरी,

तुझं काही आलं नाही. येऊ नये असंच मी धरून चाललो होतो. तरी टपालाची पेटी रोज उघडतो, ती सवयच लागली.

दोन गोष्टी केल्या. पहिली, खेळ चालवणाऱ्यांना कळवलं की ही संघाची बाई दोन वर्षांपूर्वी वारली आणि तिच्या नावाने मी खेळतोय. त्यांचं उत्तर सभ्य होतं. एकाचा संघ दुसऱ्याने चालवायचा नाही, असा नियम आहे. हंगाम संपेपर्यंत मुभा दिली. शेवटचा सामना १९ जुलैला, शनिवारी दुपारी. त्यानंतर 'दुधाचे दात' बंद. पोरं मोकळी होतील, ज्याला हवी तो घेईल.

दुसरी, बेकरीवाल्याला आणि ग्रंथपालबाईंना खरं सांगितलं. बाईंनी लिहिलं, "मला दोन दिवस द्या." तिसऱ्या दिवशी लिहिलं, "रडून झालं. आता सांगा, तुम्ही नीट जेवता का?"

बेकरीवाल्याचं उत्तर मात्र तासाभरात आलं. "मला दीड वर्षापासून माहीत होतं."

मी विचारलं, कसं?

"ताई अकरा वर्षांत एकदाही 'धन्यवाद' म्हणाल्या नाहीत. काही चांगलं सांगितलं की म्हणायच्या, 'हां, बघू.' अचानक प्रत्येक निरोपाला धन्यवाद यायला लागले. म्हटलं, हा कुणीतरी पुरुष आहे आणि घाबरलेला आहे."

"मग लिहीत का राहिलात?"

"उत्तरं येत होती म्हणून," तो म्हणाला. "माझीही बायको नाही हो. भट्टीपुढे बसून कुणाला लिहायचं?"

तेव्हापासून तो मला 'भाऊजी' म्हणतो. काल त्याने विचारलं, लांबुळक्याला यापुढे काय शिकवणार होता? मी म्हटलं, वहीत पुढे काही लिहिलेलं नाही. तो म्हणाला, "अहो, मग वहीचं काय घेऊन बसलात? तुम्ही दोन वर्षं शिकवताय त्याला."

हे मला खरंच सुचलं नव्हतं. मी सगळं तिच्यासाठी राखून ठेवतोय असंच समजत होतो. रात्रपाळीच्या राखणदारासारखं. पण पास 'बरा' होता त्याचा 'चांगला' झाला आणि 'चांगल्या'चा 'पक्का' झाला, तेव्हा खुर्चीत मी होतो. आज सकाळी मी पहिल्यांदा माझ्या मनाने सराव लावला. बचाव. उंच आहे, नुसते हात वर केले तरी चार जणांना अडवेल. वही मी बंद करून कपाटात ठेवली. ती तुझी आहे, तू कधी मागितलीस तर पाठवीन.

काका


रविवार, २० जुलै

भिंगरी,

काल तू फोनवर होतीस, तरी लिहितोय. फोनवर मला धड बोलता येत नाही.

सामना तीनला होता. मी अडीचला बसलो, धुतलेला सदरा घालून, कशासाठी देव जाणे. पडदा ओढला, कारण उन्हाची तिरीप कॉम्प्युटरवर येत होती, आणि मग खोली पाण्याखाली असल्यासारखी निळसर झाली. फोन वाजला तेव्हा वाटलं कुणाचीतरी लिफ्ट अडकली. "कितव्या मजल्यावर?" असं मी विचारलं. तू म्हणालीस, "तळमजल्यावर, काका. मी बोलतेय."

दोन वर्षांनी तुझा आवाज. तो बराच जाड झालाय. दिवसभर वैमानिकांशी बोलून होत असेल.

तू म्हणालीस, "मी माफ केलेलं नाही."

मी म्हटलं, "हो."

"दोन वर्षं मी आईवर चिडले होते. गेलेल्या माणसावर. ती मला नको म्हणाली म्हणून. मला वाटायचं मी काय केलं असं? तिला मी शेवटी नकोशी का झाले? मी मनातल्या मनात तिच्याशी भांडायचे. कळतंय का तुम्हाला काय केलंत?"

"कळतंय."

"नाही कळत."

"नसेल कळत," मी म्हटलं. आणि मग तू रडलीस, आणि मी फोन कानाला धरून बसलो. इकडे पडद्यावर ओळी सुरू झाल्या होत्या. चेंडू उडाला. त्यांनी घेतला. नेम. गेला. मला त्या वाचायची लाज वाटत होती, पण डोळे तिकडेच जात होते. तुला नाक ओढताना ऐकलं आणि मग तू विचारलंस, "त्या सातफुट्याला खेळवलंय ना?"

तूसुद्धा बघत होतीस!

त्यानंतरचं सगळं मला स्वप्नातल्यासारखं आठवतं. दोन वेगवेगळ्या देशांत, इकडे दुपार, तिकडे तुझी सकाळ, आणि आपण दोघं एकच ओळ एकाच वेळी वाचत होतो. तू मोठ्याने वाचायचीस. "लांबुळका. चेंडू त्याच्याकडे. दोघं अंगावर. पास... डावखुऱ्याकडे. गेला! काका, गेला!" असं अकरा वेळा झालं, मी मोजलं. अकरा पास, अकरा बास्केट. शेवटच्या मिनिटात आपण एकाने मागे होतो. चेंडू त्याच्याकडेच होता. तू म्हणालीस, "आता फेकू दे त्याला स्वतःला, तो बास्केटपेक्षा उंच आहे." त्याने बुटक्याला पास दिला. बुटक्याने मान वर केली नाही. हरलो.

तू इतकी हसलीस. आईचं हसू असंच यायचं, आधी श्वास बाहेर, मग आवाज.

चार वाजून दहा मिनिटांनी पान पांढरं झालं. 'हा संघ आता अस्तित्वात नाही.' तुझ्याकडून चमचा कपात फिरल्याचा आवाज येत होता.

मग तू म्हणालीस, "लांबुळक्याला मी घेणार नाहीये. माझ्या संघाला नाही परवडणार तो. बेकरीवाला घेईल म्हणतोय."

"घेऊ दे. त्याच्याकडे ऊब आहे."

"काका, मला एकच हवंय." तुझा आवाज परत टॉवरमधल्यासारखा झाला. "ते नऊ दिवस मला हवेत. तुम्ही होतात तिथे, मी नव्हते. सगळं लिहा. काय खाल्लं, काय बोलली, खिडकी कुठे होती. तुमचं काय चुकलं ते आता नको, ते वाचलं मी. तिचं लिहा."

मी 'धन्यवाद' म्हणणार होतो. नाही म्हटलं. म्हटलं, "हां, बघू."

काका


रविवार, ३ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

सोमवार. पहिला दिवस.

सकाळी नऊला दाखल केलं. तिने लॅबमध्ये फोन करून सांगितलं की दोन कवळ्या मेणात तयार आहेत, वरच्या फळीवर, आणि त्या निळ्या शर्टवाल्या आजोबांना पुढचे दात जरा पिवळसरच द्या, पांढरेशुभ्र दिले तर नात ओळखणार नाही त्यांना. मग फोन बंद करून मला म्हणाली, "झालं. आता मी रिकामी."

तिसरा मजला, खोली शेवटची. मी लिफ्टने वर जाताना दोरांचा आवाज ऐकत होतो, तर ती म्हणाली, "आज तरी नको." कॉट दोन होत्या. एक दाराशी, एक खिडकीशी. दाराशी आधीच एक बाई होत्या, शिंपीणबाई, त्या झोपलेल्याच असायच्या. खिडकीची आपल्याला मिळाली. खिडकीबाहेर पाण्याची टाकी, तिच्यापलीकडे मोकळं आकाश, आणि एक झाड ज्याचं नाव आम्हां दोघांनाही माहीत नव्हतं. यावरून वाद झाला. तिचं म्हणणं, नाव माहीत नसेल तर ठेवून टाकावं. काय ठेवलं ते ती मला सांगायला तयार नव्हती.

दुपारी भात आणि उकडलेल्या भाज्या. भाज्या मला दिल्या. नर्सने विचारलं, वजन किती, तर म्हणाली, "अंदाजाने सांगा, बघू तुमचं कौशल्य." नर्सने बरोबर सांगितलं. तेव्हापासून दोघींची मैत्री.

तीनच्या सुमारास तिने वही मागितली आणि लांबुळक्याचं पान काढलं. मी विचारलं (हे मला आता लिहितानाच आठवलं), एवढ्या उंच पोराला पास का? ती म्हणाली, "वरून सगळं दिसतं त्याला. कोण मोकळा आहे, कोण अडकलंय. दिसत असून नुसतं उभं राहायचं म्हणजे काय?" मग वही छातीवर ठेवून पडून राहिली. मला वाटलं झोपली.

साडेचारला एक विमान गेलं. खूप वर, आवाजही येत नव्हता, पंखाच्या कडेला ऊन लागलं होतं तेवढंच. हळूहळू टाकीच्या मागे उतरत गेलं. तिने डोळे उघडलेलेच होते.

"बघ," ती म्हणाली, "किती सावकाश उतरवतेय."

मी म्हटलं, "अगं, पोर हजारो मैल लांब आहे. आणि अजून शिकतेय ती."

"म्हणूनच सावकाश," ती म्हणाली, आणि ते पूर्ण खाली जाईपर्यंत तिने मला उशी सरकवू दिली नाही.